सीझनच्या आधी थांबवलेलं मशीन : पवनचक्कीच्या गिअरबॉक्समधला बिघाड आणि एक मशीन लर्निंग मॉडेल

पार्श्वभूमी

सोलापूरहून मंगळवेढ्यामार्गे जतच्या दिशेने निघालं की ज्वारीचं काळं रान मागे पडत जातं आणि मुरमाड पठार लागतं. त्या बाजूच्या वीसेक पवनचक्क्यांपैकी एकीची ही हकिगत. पवनचक्क्यांची मालकी एका गुंतवणूकदार कंपनीची, देखभालीचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे. कंत्राटदाराचं कार्यालय, स्टोअर आणि मॉनिटरिंगची खोली सोलापूर शहरात होती. जुन्या नोंदींवरून शिकून बिघाड आधी ओळखणारं संगणकीय मॉडेल तयार करणाऱ्या छोट्या गटात मी होतो. कंपन्यांची नावं गाळली आहेत, मशीनचे नंबर बदलले आहेत.

मशीनं दीड मेगावॅटच्या आसपासची, दहा वर्षं ओलांडलेली. पाती मिनिटाला पंधरा-वीस फेरे घेतात. जनरेटर चार ध्रुवांचा आणि ५० हर्ट्झच्या ग्रिडला जोडलेला, त्यामुळे त्याला १५०० फेऱ्यांच्या आसपास फिरावं लागतं. मधला सगळा वेग गिअरबॉक्स वाढवतो. त्यातला जनरेटरकडचा शेवटचा दांडा म्हणजे हायस्पीड शाफ्ट. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने गिअरबॉक्सच्या बिघाडांची नोंदवही ठेवली, तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश बिघाड बेअरिंगचे निघाले, गिअरच्या दात्यांचे त्याहून कितीतरी कमी. आमचं लक्ष पहिल्यापासून बेअरिंगवर होतं ते यामुळे.

दुसरी गोष्ट हवेच्या सीझनची. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट. आपल्याकडे जून ते सप्टेंबरच्या नैऋत्य वाऱ्यात वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा निघतो. मार्चमध्ये दोन दिवस मशीन उभं राहिलं तर मालकाला फारसं जाणवत नाही, जुलैतले दोन दिवस मात्र चांगलेच लागतात. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ या फरकात आहे.

अडचण

आदल्या वर्षी ऐन जुलैत एका मशीनचा गिअरबॉक्स गेला. गिअरबॉक्स खाली उतरवायचा तर टॉवरपेक्षा उंच बूम असलेली क्रेन लागते, आणि ती पोचवायला बरेच ट्रेलर. पठारावर मुरूम आहे, तिथे अडचण नव्हती. पायथ्याचा थोडा रस्ता मात्र काळ्या मातीतून जातो. पाऊस लागल्यावर त्या मातीत ट्रॅक्टरसुद्धा रुततो, तिथे क्रेन कुठून जाणार! मशीन पावसाळाभर उभं राहिलं. काम झालं ते दिवाळीच्या तोंडावर, रान वाळल्यावर. तोवर हवा गेली होती.

तसं मशीन बंद पडून उभं राहू नये म्हणून आधीपासून यंत्रणा होतीच. स्काडा, म्हणजे मशीनांवर दुरून देखरेख ठेवणारी संगणक यंत्रणा, दर दहा मिनिटांना प्रत्येक मशीनचे वाऱ्याचा वेग, वीज, फेरे, तेलाचं आणि बेअरिंगचं तापमान असे पुष्कळ आकडे साठवते. बेअरिंग ठरावीक तापमानावर गेलं की इशारा, आणखी वर गेलं की ट्रिप, म्हणजे मशीन आपोआप बंद. पण ही मर्यादा सगळ्या ऋतूंना एकच असते. सोलापूरकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर असतो, तेव्हा धडधाकट मशीनंसुद्धा इशाऱ्याच्या रेषेला टेकतात. डिसेंबरच्या पहाटे खराब बेअरिंगसुद्धा त्या रेषेच्या कितीतरी खाली दिसतं. भर उन्हातून आलेल्या माणसाचं अंग गरम लागणारच, त्याला ताप आहे की नाही हे हात लावून ठरत नाही. तसंच हे. गेलेल्या गिअरबॉक्सच्या जुन्या नोंदी आम्ही नंतर काढून पाहिल्या. फेब्रुवारीपासून त्याचं बेअरिंग शेजारच्या मशीनांपेक्षा गरम चाललेलं दिसत होतं. इशारा वाजला तो शेवटच्या आठवड्यात.

मॉडेल कसं ठरलं

पहिली सूचना अशी आली, की बिघाडाची आणि चांगल्या दिवसांची उदाहरणं देऊन मॉडेलला फरक शिकवावा. ते जमण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे लाखो दहा-मिनिटांच्या नोंदी होत्या, पण गिअरबॉक्सचे खरे बिघाड बोटांवर मोजण्याइतके, तेही वेगवेगळ्या प्रकारचे. तेवढ्यातून शिकलेलं मॉडेल 'सगळं ठीक आहे' एवढंच सांगत बसलं असतं, आणि टक्केवारीत ते जवळजवळ शंभर टक्के बरोबरही ठरलं असतं.

म्हणून आम्ही मॉडेलला निरोगी मशीन शिकवलं. इतकी वीज, इतके फेरे, बाहेर इतकं तापमान, नेसेलच्या (टॉवरच्या टोकावरच्या, गिअरबॉक्स-जनरेटर असलेल्या खोलीच्या) आत इतकं, तर बेअरिंग किती तापायला हवं, हा अंदाज मॉडेल करतं. खरं तापमान आणि अंदाज यांतला फरक रोज पाहायचा. पद्धत जुनी आहे आणि जगभर वापरली जाते. निर्णयवृक्षांवर (डिसिजन ट्री) चालणारं साधं मॉडेल पुरलं, न्यूरल नेटवर्कने फार काही जास्त दिलं नाही. कस लागला तो इतर ठिकाणी.

चाचणी कशी घ्यायची, हे पहिलं. नोंदी गंजिफा पिसल्यासारख्या मिसळून थोड्या चाचणीसाठी बाजूला काढल्या तर मॉडेल फार हुशार दिसतं, कारण दहा वाजताची नोंद शिकण्यात आणि दहा वाजून दहा मिनिटांची परीक्षेत, असं होतं. दोन्ही जवळपास सारख्याच असतात. आम्ही एक पूर्ण वर्ष शिकायला आणि पुढचे महिने परीक्षेला अशी विभागणी धरली. चूक वाढली, दीड-दोन अंशांपर्यंत गेली, पण ती खरी चूक होती. वर्ष पूर्ण असणंही गरजेचं. ज्या मॉडेलने फक्त पावसाळा पाहिलाय त्याला एप्रिलमध्ये प्रत्येक मशीन आजारी वाटतं.

दुसरं, मॉडेलला काय दाखवायचं नाही. बेअरिंगचं आधीच्या दहा मिनिटांचं तापमान दिलं तर अंदाज सुंदर येतो, पण मग हळूहळू वाढणारा बिघाडही मॉडेल 'अपेक्षित' धरून चालतं. गिअर तेलाच्या तापमानाचंही तेच, कारण खराब बेअरिंग तेलालाही तापवतं. या दोन्ही गोष्टी आम्ही मुद्दाम काढल्या. दिसायला मॉडेल बिघडलं, कामाला सुधारलं. तेलासाठी वेगळं, दुसरं मॉडेल केलं. त्याचा उपयोग पुढे दिसेल.

तिसरं लॉगबुक. ग्रिड गेल्याने थांबलेले तास, देखभालीचे तास, वरून आदेश आल्याने कमी विजेवर चालवलेले तास, हे सगळं शिकण्याच्या नोंदींतून काढावं लागतं. स्काडाच्या कोडमधून अर्धंच कळतं. बाकीचं टेक्निशियनच्या हस्ताक्षरात होतं : 'तेल टॉपअप केले', 'सेन्सर बदलला', 'कूलर धुतला'. एका मशीनवर सेन्सर बदलल्यानंतर तापमान कायमचं दोन-तीन अंश वर गेलेलं होतं. ती एक ओळ वहीत नसती तर आम्ही त्या मशीनला आजारी ठरवून माणसं वर चढवली असती. या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा डेटा कोणता असं मला विचारलं तर मी त्या वह्या दाखवीन.

पहिला निर्णय : कधी ओरडायचं

वीस मशीनं, दिवसाला प्रत्येकी १४४ नोंदी, म्हणजे रोज २,८८० नोंदी. त्यांतल्या एकच टक्क्यावर खोटा इशारा आला तरी दिवसाला २८-२९ इशारे होतात. साइटवर माणसं मोजकी, टॉवर चढायचा तर दोघांनी मिळून, हार्नेस लावून. असे इशारे आठवड्यात कचऱ्यात जातात आणि त्यांच्याबरोबर खराही जातो.

म्हणून ठरलं : मशीन निम्म्याहून जास्त भारावर असतानाचेच तास मोजायचे, त्यांचा दिवसाचा सरासरी फरक काढायचा आणि तो सलग तीन दिवस हद्दीबाहेर राहिला तरच सोलापूरच्या खोलीतून साइट इन्चार्जला फोन करायचा. इशारा त्यामुळे थोडा उशिरा येतो. बेअरिंग आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशेबाने खराब होतं, तिथे तीन दिवस परवडतात.

बारा नंबर

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात एकाच आठवड्यात तीन मशीनं हद्दीबाहेर गेली. साइट इन्चार्जचा पहिला अंदाज, ऊन वाढलंय, मॉडेलला कळत नाही. शंका रास्त होती. पण त्याच उन्हात शेजारची मशीनं शून्याच्या आसपास होती.

तिघांपैकी दोन मशीनांवर बेअरिंगबरोबर तेलाचा फरकही तेवढाच वाढला होता. बारा नंबरवर तेल जिथल्या तिथे आणि हायस्पीड शाफ्टचं जनरेटरकडचं बेअरिंग मात्र आधी चार, मग सात अंश वर. तिन्हींचे आलेख साइटवर नेऊन दाखवले. तिथले सगळ्यात जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी दोन्ही रेघा एकदा पाहिल्या आणि म्हणाले, "कूलर जाम असला तर सगळंच तापतंय. हितं एकटंच तापलंय की ओ."

दोन मशीनांचे ऑईल कूलर उघडले तर जाळ्या धुळीने लिंपलेल्या. धुतल्यावर चार दिवसांत फरक गेला. बारा नंबरचं प्रकरण वेगळं होतं.

पुढचे पर्याय

चार रस्ते होते. ट्रिप होईपर्यंत चालू ठेवायचं, हा एक. मशीन अजून स्काडाच्या इशाऱ्यापर्यंतही पोचलं नव्हतं, त्यामुळे कागदोपत्री त्यात चूक काढता आली नसती. लगेच थांबवून गिअरबॉक्स बदलायचा, हा दुसरा. एका आलेखावर तेवढा खर्च कुणीच मंजूर केला नसता, आणि करूही नये. तिसरा, वर चढून तपासायचं. चौथा, भार कमी करून चालवायचं आणि पाऊस लागायच्या आत बेअरिंग बदलायचं. या गिअरबॉक्सच्या रचनेत हायस्पीड शाफ्टचं बेअरिंग वरच्या वर, नेसेलमधल्या लहान क्रेनने बदलता येतं, मोठी क्रेन लागत नाही. आतल्या ग्रहगिअरचं (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या गिअरचं) बेअरिंग असतं तर हा पर्यायच उरला नसता.

तिसऱ्यावर एकमत झालं. सकाळी वारा मंद असताना रोटर लॉक केला. गिअरबॉक्सच्या चुंबकी प्लगवर नेहमी काळा, पिठासारखा बारीक चुरा मिळतो. इथे त्या काळ्या थरात चमकत्या कपच्या होत्या, पातळ, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरबरीत. गुळगुळीत बाजू म्हणजे बेअरिंगची धाव, ज्यावर त्याचे रोलर फिरतात तो पृष्ठभाग. एवढ्यावर मामांचं मत पक्कं झालं. लॉक काढून मशीन चालवलं आणि कंपन मोजलं. शाफ्ट सेकंदाला सुमारे २५ फेरे घेतो. बेअरिंगच्या आतल्या कड्याच्या दोषाची जी वारंवारता हिशेबाने येते तिथे कंपनाच्या आलेखात टोक होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २५-२५ हर्ट्झच्या अंतरावर लहान टोकं. आतलं कडं शाफ्टबरोबर फिरतं, त्यामुळे त्यावरचा दोष दर फेऱ्याला भाराखाली येतो आणि जातो. अशी टोकं त्याचीच खूण.

म्हणजे तीन वेगळ्या साक्षी एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. तरी काम लगेच सुरू झालं नाही.

दुसरा निर्णय : थांबवायचं कुणी

कंत्राटात उपलब्धतेची, म्हणजे मशीन चालायला तयार असण्याच्या वेळेची, हमी होती, वर्षाला ९७ टक्के. वर्षाचे तास ८,७६०, त्यांचे तीन टक्के म्हणजे २६३. त्यापलीकडे मशीन बंद राहिलं तर कंत्राटदाराला दंड. बेअरिंग बदलायला तीन दिवस, म्हणजे ७२ तास, धरले होते. बारा नंबरचे बरेच तास आधीच्या कामांत गेले होते. हमीच्या लेखी मार्चमधला तास आणि जुलैतला तास एकाच भावाचा. वाऱ्याशी त्याचा संबंध नाही.

कंत्राटदाराच्या व्यवस्थापकांचं म्हणणं, ट्रिप झालेलं नसताना आपणहून मशीन थांबवलं तर ते तास आमच्या नावावर पडतात. मालक कंपनीचं म्हणणं, देखभाल तुमचं काम, तास तुमचेच. दोघांचंही कंत्राटाच्या शब्दांप्रमाणे बरोबर होतं, आणि मध्ये बेअरिंग झिजत होतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकतं ते हे. मॉडेलने दोन महिने आधी सांगितलं होतं, पण लवकर कळल्याचा फायदा घेणाऱ्याला कंत्राटात शिक्षा होती आणि मोडेपर्यंत थांबणाऱ्याला निदान युक्तिवादाला जागा होती.

मधला मार्ग म्हणून मशीनचा भार साठ टक्क्यांवर आणला. त्यातून एक नवा घोळ झाला. पुढच्या आठवड्यात मॉडेलचा फरक सातवरून दोनवर उतरला आणि ईमेल आली, 'सुधारणा दिसते, काम पुढे ढकलता येईल का?' बेअरिंग सुधारलं नव्हतं. कमी भारावर ते तापतच नव्हतं. मॉडेलला ज्या भारावर दोष दिसत होता त्या भाराच्या नोंदीच आता येत नव्हत्या. आम्ही आधीचे आणि नंतरचे फक्त चाळीस ते साठ टक्के भाराचे तास शेजारी शेजारी मांडून पाठवले. त्या पट्ट्यात फरक उतरला नव्हता, किंचित चढलाच होता. कंपन पुन्हा मोजलं, तेही वाढलं होतं.

शेवटी मालक कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांनी एक हिशेब मागवला : मे महिन्यातले तीन दिवस बंद राहिल्याने किती युनिट जातील, आणि मागच्या वर्षीचा पावसाळा उभं राहून किती गेले. दोन आकडे समोर आल्यावर पत्र निघालं की हे ७२ तास हमीतून वगळावेत. बेअरिंगची ऑर्डर तोवर दिलेली नव्हती.

काय झालं

बेअरिंग मेच्या सुरुवातीला आलं. नेसेलमध्ये दुपारी थांबवत नाही, म्हणून पहाटे चढायचं आणि ऊन चढायच्या आत उतरायचं असा क्रम लावला. दुसऱ्या दिवशी ढग भरून आले आणि वळवाच्या विजांमुळे माणसं खाली बोलवावी लागली. तीनचे चार दिवस झाले.

काढलेल्या बेअरिंगच्या आतल्या कड्यावर भेग होती, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने गेलेली, आणि तिच्या कडेने धावेचे पापुद्रे उडालेले. गिअरचे दाते शाबूत होते. बेअरिंगचे तुकडे दात्यांत गेले असते तर सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागला असता, तेही कदाचित पुन्हा जुलैत. बारा नंबर पावसाळाभर चाललं.

नवं बेअरिंग बसल्यावर मॉडेलचा फरक शून्यावर न थांबता खाली, उणे दीड अंशावर गेला. मॉडेल जुन्या बेअरिंगवर शिकलेलं होतं. काही आठवडे त्या मशीनचे इशारे शेजाऱ्यांशी तुलना करून चालवले आणि मग मॉडेल नव्याने शिकवलं.

याच पावसाळ्यात दुसऱ्या एका मशीनचा पिच यंत्रणेत (पात्यांचा कोन बदलणाऱ्या) बिघाड झाला आणि आणखी एकाचा कन्व्हर्टर (वीज ग्रिडला जुळवून देणारा भाग) गेला, दोन्ही कुठलीही आगाऊ सूचना न देता. हे बिघाड तापमानाच्या दहा-मिनिटांच्या सरासरीत उमटत नाहीत. १९८९ ते २००६ दरम्यान जर्मनीत दीड हजार पवनचक्क्यांचा जो मोठा अभ्यास झाला त्यातही हेच दिसलं होतं : विजेचे आणि नियंत्रणाचे बिघाड वारंवार होतात पण लवकर दुरुस्त होतात, गिअरबॉक्ससारखे क्वचित होतात आणि मशीन खूप दिवस पाडून ठेवतात. आमचं मॉडेल दुसऱ्या जातीसाठीच होतं. हे मालकाला सुरुवातीलाच लिहून दिलेलं असल्यामुळे त्या दोन बिघाडांवरून वाद झाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बेअरिंगची ऑर्डर कंपन मोजल्याच्या दिवशी जायला हवी होती. मशीन कधी थांबवायचं हा वाद चालू असतानाही सुटा भाग मागवता येतो. वापरला गेला नसता तरी वीस मशीनांत कधीतरी लागलाच असता. तो आधी आला असता तर एप्रिलमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आत काम झालं असतं.

भार कमी करतानाच, आता मॉडेलचा कुठला आकडा पाहायचा आणि कुठला पाहायचा नाही हे त्याच पत्रात लिहायला हवं होतं. ती ईमेल आली नसती.

लॉगबुकसाठी आता मराठीतच ठरावीक नोंदींचा तक्ता केला आहे : सेन्सर, तेल, कूलर, बेअरिंग, तारीख, वेळ. मोकळी जागाही ठेवली आहे, कारण 'आवाज वेगळा येतो' ही नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि ती हवी असते. काढलेलं बेअरिंग साइटवर आणून सगळ्यांना दाखवलं. त्यानंतर वहीतल्या नोंदी लांब आणि नेमक्या झाल्या.

जुन्या मशीनांच्या हायस्पीड शाफ्टवर कायमचे कंपन सेन्सर बसवावेत असं आमचं मत आहे. तापमान बेअरिंगच्या दोषाची खूण उशिरा दाखवतं, कंपन बरंच आधी. खर्चामुळे सध्या चारच मशीनांना मंजुरी मिळाली आहे.

कंत्राटाचं नूतनीकरण येत्या मार्चमध्ये आहे. उपलब्धता तासांवर न मोजता उत्पादनावर मोजावी, असा प्रस्ताव दोन्ही बाजूंच्या टेबलावर आहे. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या) ६१४००-२६ या मानकात दोन्ही रीती दिलेल्या आहेत, त्यामुळे नवी व्याख्या शोधायची गरज नाही. कंत्राटदार तयार आहे. मालक कंपनीची हरकत अशी की न झालेलं उत्पादन शेवटी अंदाजाने काढावं लागतं आणि तो अंदाज कोणाचा धरायचा. हरकत खरी आहे. शेजारच्या मशीनांच्या त्याच तासांच्या उत्पादनावरून तो काढावा आणि हिशेबाची पद्धत कंत्राटालाच जोडावी, असं आम्ही सुचवलं आहे. उत्तर अजून यायचं आहे.